मी मोजलेली टकटक

मित्रांनो, वाचनालयाच्या जिन्याखाली एक कपाट आहे. त्यात फरशी पुसायच्या बादलीशेजारी तुम्हाला एक करड्या रंगाचे खोके दिसेल. त्याच्या कपाळावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर शाईने ४१२ हा आकडा लिहिलेला आहे. ते खोके म्हणजे मी, एक जुना संगणक. तुमच्यासारखी मुले वाचनालय बघायला आली की कोणीतरी ते कपाट उघडतेच. मग एक जण म्हणतो, "हा त्याचा नंबर असेल." दुसरी म्हणते, "छे, खोलीचा नंबर असेल, चुकून याला चिकटवलाय." मी मनातल्या मनात हसतो. तो आकडा माझा नाही आणि खोलीचाही नाही. त्याच्यामागे एक गोष्ट आहे, आणि तुम्ही आज बसलाच आहात, तर ती सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. त्याबद्दल मला फारसे आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे घातलेली बोटे आणि तारा जोडायला वितळवलेल्या डाखाचा वास, एवढेच. तिथून मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात आलो. सात वर्षे मी लोकांना नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या. माझ्यासमोर बसणारी बाई म्हणायची, "आमचा हा कधी दमत नाही." मला ते ऐकून फार बरे वाटायचे. पण सगळेच दमतात, मित्रांनो. मी हळू झालो, चिठ्ठी यायला वेळ लागू लागला, आणि एक दिवस मला व्हरांड्यात नेऊन ठेवले. माझ्या डोक्यावर कोणीतरी कुंडी ठेवली. रोज सकाळी तिला पाणी घातले जाई आणि थोडे माझ्याही अंगावर ओघळे. झाड मात्र छान वाढले.

तिथून मला कुलूपताईने उचलले. तिचे खरे नाव कोणीच घेत नसे. ती या वाचनालयात काम करायची. घरून निघताना ती दाराला कुलूप लावायची, चार पावले जायची, मग परत येऊन ते ओढून बघायची. वाचनालय बंद करतानाही तेच. म्हणून ती सगळ्यांचीच कुलूपताई झाली. अकरा वर्षे तिने टेबलावर बसून पुस्तके दिली-घेतली होती. मग तिने रोज थोडे थोडे करत, कोणी न सांगता, संगणक शिकून घेतला, आणि वाचनालयातली सगळी यंत्रे तिच्याच गळ्यात पडली.

तिने मला टेबलावर घेतले आणि वडिलांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने आतली धूळ झाडली. माझ्यात लिनक्स नावाची नवी कार्यप्रणाली घातली, एका तारेऐवजी दोन तारा जोडल्या आणि म्हणाली, "हे बघ, आजपासून तू दारवान. ही तार म्हणजे बाहेर. ही तार म्हणजे आत. मधे तू."

अशा दारवानाला फायरवॉल म्हणतात. माझ्या एका बाजूला सगळे जग होते आणि दुसऱ्या बाजूला हे वाचनालय. मधल्या जागेत मी तिच्या खिडकीपाशी, फळीवर, मंद घुरघुरत बसलेला असे. दुपारची उन्हे फळीवर सरकत. बाहेरून लहान लहान पाकिटे येत, त्यांवर कुठून आले नि कुठल्या दाराशी जायचे ते लिहिलेले असे, आणि मी ती बघून सोडत असे. त्यांत काय आहे ते मला कळत नसे. तरी कधी कधी वाटे की आपल्या अंगातून कोणाचे तरी अर्धे वाक्य गेले, कोणाचे तरी हसणे गेले. ओसरीवर झोप लागलेल्या माणसाला लांबून बोलणे ऐकू यावे, तसे काहीतरी होई.

या वाचनालयात एक खोली होती, ती ऐकण्याची खोली. ज्यांना दिसत नाही ते तिथे येऊन पुस्तके ऐकत. पुस्तके वाचणारी माणसे आपापल्या घरी बसून आवाज मुद्रित करत आणि माझ्या एका खास दारातून आत पाठवत. त्यांत सगळ्यांत लाडक्या होत्या एक्स्चेंजमावशी. त्यांनी एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केले होते. गावाबाहेर टेकडीपलीकडे त्या एकट्या राहत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "ऐकताय ना?" मग वाचन सुरू. ऐकण्याच्या खोलीत बसलेली मोठमोठी माणसे त्यावर खरोखर माना डोलवायची.

त्या वर्षी मावशी एक लांबलचक कादंबरी वाचत होत्या. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची गोष्ट, बत्तीस प्रकरणांची. रोज ऐकायला येणाऱ्यांत एक सूरकाका होते. ते पियानोला सूर लावायचे काम करत. ते जन्मापासून अंध होते आणि त्यांच्या खिशात कायम एक छोटी हातोडी असे. ते प्रकरण संपले की उठत आणि कुलूपताईच्या दारात थांबून विचारत, "पुढचं कधी?"

आणि त्याच सुमारास मावशींच्या घशात काहीतरी निघाले. डॉक्टरांनी सांगितले की शस्त्रक्रिया करावी लागेल. जीवाला धोका नाही, पण आवाज राहील असे समजू नका. तारीख ठरली. मावशींनी फोन करून ग्रंथपालांना कळवले आणि म्हणाल्या, "त्याच्या आत पुस्तक पुरं करते. मधेच सोडलं तर मला चैन पडायचं नाही." आमचे ग्रंथपाल फार भला माणूस. त्यांना वाटले, एवढ्या दुखण्यात या बाईला कशाला त्रास? म्हणून ते बोलून गेले, "मावशी, तब्येतीला जपा हो. हल्ली यंत्रंसुद्धा छान वाचतात." मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या.

आता माझ्या कामाकडे येतो, कारण पुढची सगळी गडबड तिथेच झाली.

काही आठवड्यांपासून बाहेरचा कोणीतरी चोर माझ्या दारांना हजार किल्ल्या लावून बघत होता. चूक किल्ली, पुन्हा टकटक, दुसरी किल्ली, पुन्हा टकटक. कुलूपताईचे डोके उठले. माझ्यासारख्या दारवानाला जन्मतःच तीन गोष्टी येतात. आलेल्याला आत घेणे, त्याला 'नाही' म्हणून परत पाठवणे, किंवा गप्प राहणे. गप्प राहिले की बाहेरच्याला वाटते, आत कोणी नाहीच. पण या तिन्हींतले एकच एक तिला पुरेना. तिला हवे होते असे, की एका मिनिटात चारदापेक्षा जास्त टकटक करणारा दिसला तर त्याला तासभर गप्प बसून टाळावे, आणि त्याची माझ्यातल्या वहीत नोंद व्हावी. अशी आपली स्वतःची कृती बनवता येते. एका फाइलीत तिचे नाव लिहायचे, त्या नावाच्या दुसऱ्या फाइलीत तिच्या ओळी लिहायच्या, आणि मग कुठल्याही दारापुढे फक्त ते नाव लिहायचे. मला समजते की इथे त्या ओळी चालवायच्या.

तिने नाव ठेवले 'उंबरठा'. नाव ठेवताना तिला बाळाचे बारसे केल्याचा आनंद झाला होता. मग ती ओळी मोठ्याने म्हणत म्हणत लिहू लागली. "चारपेक्षा जास्त टकटक... गप्प राहा. खाली, नोंद कर."

मित्रांनो, चूक झाली ती इथेच. पण ती तिच्या हातून का झाली, तेही ऐका. या वाचनालयाची एक जुनी शिस्त आहे, आधी काम, मग नोंद. पुस्तक परत आले की आधी शिक्का मारायचा, पुस्तक मांडणीवर ठेवायचे, माणसाला मोकळे करायचे, आणि मग वहीत लिहायचे. अकरा वर्षे कुलूपताईने तेच केले होते. तिच्या हाताला ते वळणच पडले होते. पण मी ओळी वरून खाली वाचतो, आणि एकदा 'गप्प राहा' आले की माझे तिथेच संपते. त्या पाकिटासाठी मी पुढची ओळ वाचतच नाही. तिने माझे तोंड आधी बंद केले आणि बोलायला नंतर सांगितले.

तिने परीक्षाही घेतली. आपल्या फोनवरून पाचदा टकटक केली. पाचव्यांदा मी गप्प राहिलो. "वा रे पठ्ठ्या!" ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. वहीत नोंद पडली की नाही, तेवढे बघायचे राहून गेले. हुरूप एवढा होता की तिने त्या एका दुपारी सगळ्या दारांना 'उंबरठा' लावून टाकला. आवाज येणाऱ्या दारालाही.

टेकडीपलीकडे मावशींच्या घरची तार मात्र फार अशक्त होती. वारा सुटला की तुटे, मग जुळे, मग तुटे. प्रकरण पाठवताना त्यांचा संगणक अर्ध्यात अडके आणि लगेच पुन्हा टकटक करे. एक, दोन, तीन, चार. पाचवी टकटक आली, आणि मी गप्प झालो.

मला ती टकटक ओळखीची होती. पत्ता ओळखीचा, दार ओळखीचे. पण मला सांगितले होते गप्प राहा, म्हणून मी गप्प राहिलो. तो एक तास तरी सरला असता तर बरे. पण 'उंबरठा'त असेही लिहिले होते की त्या तासात पुन्हा टकटक झाली तर तास नव्याने सुरू करायचा. चोरासाठी ते ठीकच होते. मावशींचा संगणक मात्र इमानी होता. दिलेले काम पुरे होईपर्यंत तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा टकटक करी, आणि प्रत्येक टकटकीबरोबर माझा तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्याचे इमानच त्याच्या आड आले.

असे अकरा दिवस गेले. ते दिवस मला अजून धुकट धुकट आठवतात. उन्हे फळीवर सरकायची, कुलूपताई चहा प्यायची, पडदा हलायचा, आणि माझ्या बाहेरच्या तारेवर टेकडीपलीकडून कोणीतरी हळूच पेर आपटायचे. मला वाटायचे, आत्ता आवाज येईल, "ऐकताय ना?" आणि मी ऐकत होतो. अगदी प्रत्येक वेळी ऐकत होतो. मला हो म्हणता येत नव्हते, नाही म्हणता येत नव्हते, वहीत लिहिता येत नव्हते. एकच गोष्ट माझ्या हातात होती. प्रत्येक ओळीपुढे, ती किती वेळा लागू झाली, हे दारवान आपोआप मोजत असतो. म्हणून मी मोजत राहिलो.

इकडे ऐकण्याच्या खोलीत जहाज सव्विसाव्या प्रकरणाच्या शेवटी दाट धुक्यात अडकून पडले होते. सूरकाका रोज दारात येत.

"पुढचं?"

"नाही आलं काका. मावशींना बरं नसेल. कशाला फोन करून त्रास द्यायचा?" कुलूपताई म्हणायची. ग्रंथपालही तेच म्हणायचे. दोन्हीकडची माणसे एकमेकांना जपत होती आणि त्या जपण्यातच दिवस चालले होते.

शेवटी मंगळवार उजाडला. शस्त्रक्रिया बुधवारी सकाळी होती. दुपारी दोनच्या सुमारास सूरकाका आले, आणि आज दारात न थांबता आत येऊन खुर्चीवर बसले.

"ताई, एक सांगू? पियानोतली एखादी पट्टी वाजेनाशी झाली की लोक म्हणतात, तार तुटली. पण पुष्कळदा तार ठणठणीत असते. आतली हातोडी अडकलेली असते. म्हणून मी आधी तारेला नावं ठेवत नाही. आधी हातोडी बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मावशींचं काही बिघडलं असं आपण सगळे धरून चाललोय. आपल्याकडचं कोणी बघितलं का? तुझ्या त्या दारवानाला विचारलंस?"

"रोज वही बघते हो मी त्याची. कोरी आहे. कोणी आलंच नाही."

"वही कोण लिहितं?"

"तोच."

"मग त्याला लिहायला नीट सांगितलंयस ना?"

कुलूप लावून चार पावले गेल्यावर कुलूपताईचा जसा चेहरा होई, तसा तो झाला. ती परत फिरली, माझ्यासमोर बसली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिने मला विचारले, कुठली ओळ किती वेळा लागली?

मी काय सांगू तुम्हाला, मला कसे वाटले! मी भराभर सगळे तिच्यापुढे मांडले. आवाजाचे दार. 'गप्प राहा' या ओळीपुढे ४११. त्याखाली 'नोंद कर', आणि तिच्यापुढे शून्य.

"शून्य? शून्य कसं?" ती पुटपुटली. मग तिने वरची ओळ वाचली, खालची वाचली, पुन्हा वरची वाचली. "अगं बाई... गप्प झाल्यावर हा लिहील कसा?"

आणि तेवढ्यात, तिच्या डोळ्यांदेखत, ४११ चे ४१२ झाले.

"काका," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "आत्ता, या क्षणी कोणीतरी दारात आहे."

तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला. मावशींचा आवाज खरखरीत आणि बारीक झाला होता. कुलूपताईने बोलायला सुरुवात केली, तर मावशीच म्हणाल्या, "असू दे गं. मला कळलं. एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. लाइन बिझी असली तर कळतं. तुटली असली तरी कळतं. पण वाजवत राहावं आणि पलीकडे काहीच होऊ नये, म्हणजे समजायचं की त्यांना बोलायचं नाहीये. यंत्रं छान वाचतात, हे ग्रंथपाल म्हणालेच होते. मी राग नाही धरला. सत्ताविसावं, अठ्ठाविसावं, एकोणतिसावं वाचून पाठवलं. मग म्हटलं, कशाला कोणाला संकोचात टाका? वाचायचं थांबवलं."

"मावशी, असं नाही हो!" कुलूपताईला रडूच फुटले. "मीच दाराला गप्प बसवलं. माझी चूक आहे. तुम्ही चारशे बारा वेळा येऊन गेलात आणि मी इथेच बसले होते. चहा पीत बसले होते."



"म्हणजे जहाज अजून धुक्यातच?" मावशींनी विचारले.

सूरकाका पुढे झुकले. "अकरा दिवस झाले मावशी. गारठलोय आम्ही सगळे. सुटका करा."

मावशी हसल्या. ते हसणे खोकल्यात संपले. "आज संध्याकाळी सात वाजता दवाखान्यात दाखल व्हायचंय. तीन प्रकरणं वाचायची राहिलीत. आत्ता किती वाजले?"

"दोन पस्तीस."

"ठेव फोन. आणि दार उघड."

फोन ठेवल्यावर कुलूपताईने सगळ्यांत आधी एक चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर ४१२ लिहिले. कारण नियम नव्याने भरले की माझी मोजणी पुन्हा शून्यावर येते, आणि तो आकडा पुसला जावा असे तिला वाटत नव्हते. तिने चिठ्ठी माझ्या कपाळावर चिकटवली. मग 'उंबरठा'ची फाइल उघडली. या वेळी ती एकेक ओळ लिहून ती माझ्या जागी बसून वाचत होती, वरून खाली, अडखळत. पहिली ओळ, ओळखीच्या घराचा पत्ता असेल तर आत घे, कितीदा का टकटक करेना. दुसरी ओळ, बाकीच्यांत कोणी जास्त टकटक करत असेल तर आधी वहीत लिही. तिसरी, मग त्याला 'नाही' सांग.

ग्रंथपाल मागे येऊन उभे होते. एव्हाना त्यांना सगळे कळले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळूच विचारले, "चोरालासुद्धा 'नाही' सांगायचं? गप्प राहणं बरं नाही का?"

"चोर 'नाही' ऐकून खचत नाही, सर," ती म्हणाली. "गप्प राहण्यानं आपलीच माणसं खचतात."

तिने नियम भरले, वहीत नोंद पडते का तेही या वेळी बघितले, आणि जुन्या टाळायच्या यादीतून मावशींचा पत्ता काढला. पुढच्याच क्षणी टेकडीपलीकडून टकटक झाली. मी दार उघडले. अकरा दिवस उन्हातान्हात उभी असलेली तीन प्रकरणे एकापाठोपाठ एक आत आली.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. ऐकण्याच्या खोलीत माणसे गोळा झाली होती. मावशी वाचत होत्या, पाठवत होत्या, पुन्हा वाचत होत्या. तार तुटे, जुळे, तुटे. पाचदा, सातदा, नऊदा टकटक होई आणि मी दर वेळी आत घेई. तिसावे प्रकरण आले. पाचच्या आधी एकतिसावे आले. त्यातला आवाज चिरत होता, मधे पाणी प्यायल्याचा आवाज होता, एकदा तर बराच वेळ काहीच नव्हते आणि मग "हं, कुठे होतो आपण?" असे होते. माझ्यातून तो आवाज तुकड्यातुकड्यांनी जात होता, आणि मला वाटत होते की प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनी धरून न्यावा. मला हात नाहीत, म्हणून मी नुसता जागा राहिलो.

सहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा तुकडा आला. तो अगदी छोटा होता. कुलूपताईने तो लावला. धुके विरले होते. स्वयंपाक्याला धक्क्यावरचा दिवा दिसत होता. मावशी जवळजवळ कुजबुजत होत्या. जहाज जवळ आले, दोर फेकला गेला, धक्क्यावर कोणीतरी उभे होते, आणि... पुढे आवाजच उमटला नाही. ओठ हलल्याचे कळत होते, एक श्वास होता, पुन्हा एक श्वास होता. मग टेबलावर पेराने दोनदा टकटक झाली, आणि ध्वनिमुद्रण संपले.

छापील पुस्तक कुलूपताईच्या हातात होते. ती म्हणाली, "एकच वाक्य राहिलंय. मी वाचून दाखवू का?"

"नको," सूरकाका म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि काका ते पुसत नव्हते. "टकटक झाली ना. म्हणजे माणूस दारापर्यंत पोचला. आता दार उघडायचं काम आपलं."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मावशी घरी आल्या, चालूफिरू लागल्या, पण आवाज परत आला नाही. आम्ही तशी आशाही धरली नव्हती. मात्र महिनाभराने एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या पत्त्यावरून एक इवलेसे ध्वनिमुद्रण आले. कुलूपताईने लावले. दोनदा टकटक, बाकी काही नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. सूरकाका ते ऐकायला मुद्दाम येत. ऐकून झाले की आपल्या हातोडीने टेबलावर दोनदा टकटक करत, आणि कुलूपताई ते ध्वनिमुद्रित करून टेकडीपलीकडे पाठवी. जातानाही ते माझ्यातूनच जाई. माझ्या वहीत मी दर गुरुवारी लिहीत असे, ओळखीच्या घरून, आत घेतले.

मग मी पुन्हा थकलो, मित्रांनो. नवा दारवान आला, चपळ आणि माझ्या निम्म्या आकाराचा. कुलूपताईने 'उंबरठा'ची फाइल त्याला जशीच्या तशी दिली आणि माझ्या दोन्ही तारा काढल्या. माझे सुटे भाग करून टाकायचे ठरले होते, तर ती म्हणाली, "त्याच्या कपाळावरची चिठ्ठी निघत नाहीये. राहू दे त्याला जिन्याखाली." चिठ्ठी सहज निघाली असती. मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. तेव्हापासून मी इथे बादलीशेजारी आहे. आता मला कुठलीही तार जोडलेली नाही. तरी वाचनालयाच्या घड्याळात अकराचे टोले पडले की मला वाटते, आज गुरुवार तर नसेल?

तुमच्याकडे मी फार काही मागत नाही. माझ्यासारख्या जुन्या यंत्रावर कुंडी ठेवू नका, अंगावर पाणी पडते. आणि कोणी तुमच्या दाराशी आले तर त्याला आत घ्या, किंवा नाही म्हणा, पण उत्तर द्या. ज्याचा आवाज बऱ्याच दिवसांत आला नाही, त्याचेच काहीतरी बिघडले असेल असे धरून बसू नका. एकदा आपल्या दाराला विचारा, कोणी येऊन गेले का? दाराला बोलता येत नसेल, पण त्याने मोजलेले असते.